नेवाशाचा सहावा थर

उर्दूत पुरातत्त्वाला ‘आसार-ए-क़दीमा’ म्हणतात. आसार म्हणजे मागे राहिलेल्या खुणा. मराठी शब्द शास्त्राचा वाटतो, उर्दू शब्द मातीचा. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हा धडा आला की दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो आणि नेवाशाची गोष्ट सांगतो.

नेवासा म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. पण याच गावात प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे एक पांढरीचे टेकाड आहे. १९५४ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ते खणले. प्रमुख होते ह. धी. सांकलिया. ते स्वतः विद्यार्थी असताना इंग्लंडमध्ये मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात हे काम शिकले होते. तीच शिस्त त्यांनी इथे आणली: चौकोनी खड्डा घ्यायचा, एकेक थर वेगळा उतरवायचा, खड्ड्याची बाजू सरळ तासून त्यावर थरांच्या रेघा वाचायच्या, आणि प्रत्येक खापर कोणत्या थरातले ते त्याच दिवशी लिहायचे. उद्यावर ढकलले की खापर मुके झाले.

अहवाल १९६० मध्ये आला. त्याचे नावच ‘फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी ॲट नेवासा’, म्हणजे इतिहासाकडून इतिहासपूर्वाकडे. खणणारा वरून खाली जातो, काळ मात्र खालून वर मोजतात. नेवाशाला असे सहा काळ लागले. पहिले दोन दगडी हत्यारांचे. तिसरा ताम्रपाषाण, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्या लोकांनी आपली मेलेली लेकरे तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखालीच पुरली. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत अडकून दोऱ्याचा तुकडा टिकला होता. तपासल्यावर त्यात रेशीम निघाले. हे सांगताना वर्ग नेहमी गप्प होतो. नंतर सातवाहनांचा काळ, मग रोमशी व्यापाराचा, दारूचे रोमन रांजण फुटून पडलेला. त्यानंतर हजारएक वर्षे त्या टेकाडावर वस्ती नाही. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पायाखालची माती या टेकाडात शोधायची तर ती नेमकी तिथे नाही.

आणि सगळ्यात वर सहावा काळ. अहवालात त्याचे नाव आहे ‘मुस्लिम-मराठा’.

या नावाबद्दल माझी एक तक्रार आहे. खालच्या थरांना नावे मिळाली ती दगडावरून, तांब्यावरून, व्यापारावरून. धर्माचे नाव लागले ते फक्त आमच्या थराला. बहमनी, निजामशाही म्हणता आले असते. पण त्या दोन शब्दांमधली छोटी आडवी रेघ मला खरी वाटते. कारण खड्ड्याच्या बाजूवर मुसलमानांचा थर वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा अशी रेघ ओढताच आली नाही. या काळाची ओळख पटते ती काचेच्या रंगीबेरंगी बांगड्यांवरून. बहमनी काळातल्या अशा बांगड्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतही निघाल्या. फुटका तुकडा हातात घेऊन तो कुणाच्या मनगटावरचा हे सांगून दाखवावे कुणी! आमच्याकडे चूडी म्हणतात, शेजारी बांगडी.

वरचा थर असल्याचा एक तोटाही असतो. खाली काहीतरी जुने, मोठे सापडेल या ओढीने खणणारे वरचा भाग पटापट काढून टाकतात. आपल्याकडच्या कित्येक उत्खननांत मध्ययुगाच्या वाट्याला चार पाने येतात. सुलतानांच्या लढाया बखरींत आणि तवारीखांत मिळतील. कुंभार, कासार, तेली कसे जगले ते या वरच्या हातभर मातीतच होते, आणि तीच फेकली गेली.

नेवाशाच्या अहवालावर सांकलियांबरोबर शां. भा. देव, सोफी एरहार्ट आणि झेड. डी. अन्सारी अशी नावे आहेत. हे अन्सारी डेक्कन कॉलेजचे. पुढे १९६३ मध्ये द्वारकेचे उत्खनन झाले, त्याचा अहवाल अन्सारी आणि म. श्री. माटे यांचा. इनामगावच्या १९८८ च्या जाडजूड अहवालावरही ढवळीकर, सांकलिया यांच्यासोबत तेच आहेत. आमच्या मुलांना वैज्ञानिक म्हणून एक कलाम साहेब ठाऊक असतात. कृष्णाची द्वारका खणणारा अन्सारी त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो, आणि इतर मुलांनाही नाही.

मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, आपल्या हिमायतनगरच्या खाली किती थर असतील?” मी म्हटले, वरच्या एकाचे नाव तर तुला माहीत आहे, निजामाच्या काळातले. त्याच्या खालचे वाढोणा. परमेश्वराच्या देवळाच्या नावात ते अजून जिवंत आहे. त्याच्या खालचे विचारायचे तर रीतसर परवानगी, खुरपे आणि वही लागते. तो म्हणाला, वही आहे.