मुरक्का : ठिगळांची कला

आमच्या उर्दू शाळेत चित्रकलेच्या तासाला रंगपेट्या मोजक्याच असतात. म्हणून आम्ही मुलांना घरातले जुने कागद आणायला सांगतो. लग्नपत्रिका, कॅलेंडरची पाने, पतंगाचा कागद, औषधांची खोकी. फुटपट्टीने चौकटी आखायच्या आणि त्यांत हे तुकडे चिकटवायचे. एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो रद्दी है. इसमें हमारा क्या?"

तिच्या प्रश्नाने आम्हाला इतिहासाकडे वळवले.

कोलाजचा इतिहास बहुधा पॅरिसपासून सांगितला जातो. १९१२ साली पिकासोने चित्रावर मेणकापड चिकटवले, ब्राकने भिंतीला लावायचा छापील कागद. हे खरेच आहे. पण निरनिराळे कागद एका पानावर जुळवण्याची कला त्याआधी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ इराणात आणि पुढे हिंदुस्थानात नांदत होती. तिचे नाव मुरक्का.

मुरक्का म्हणजे ठिगळे लावलेला. सूफी फकिराच्या ठिगळांच्या अंगरख्यालाही हाच शब्द आहे. मूळ अरबी 'रुक्अ' म्हणजे तुकडा; आपला 'रुक्का' म्हणजे चिठ्ठी, तोही त्याच घरातला. जुन्या उस्तादांच्या सुलेखनाची कात्रणे आणि चित्रे गोळा करून त्यांचे ग्रंथ बांधले जात. इराणी शहजादा बहराम मिर्झासाठी दोस्त मुहंमदने १५४४ च्या सुमारास असाच एक मुरक्का सिद्ध केला. जहांगीर बादशहाच्या गुलशन मुरक्क्यात तर युरोपातली छापील चित्रेही चिकटवलेली आहेत.

हे काम मोठे शिस्तीचे. कागदावर कागद चिकटवून जाड पुठ्ठा करीत, त्याला वसली म्हणत. शब्द 'वस्ल'वरून आला, म्हणजे मीलन. पुठ्ठ्यावर दोरे ताणून केलेल्या मिस्तरवर कागद दाबला की सुलेखनासाठी सरळ रेघा उमटत. तुकड्याभोवती रेघांची चौकट म्हणजे जदवल, त्याबाहेर नक्षीचा हाशिया. कधी अब्री कागद वापरीत. पाण्यावर रंग तरंगवायचे आणि त्यावर कागद अलगद टेकवून उचलायचा. दख्खनच्या चित्रकारांनी सतराव्या शतकात या अब्रीतून घोडे आणि स्वारसुद्धा घडवले. आणि कागद? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. वस्तीच्या नावातच धंदा आहे.

सर्वांत जिव्हारी लागतो तो दारा शुकोहचा मुरक्का. त्याने तो आपली बेगम नादिरा बानूला दिला आणि अर्पणाच्या ओळी लिहिल्या. तख्ताच्या लढाईत तो हरला. १६५९ मध्ये त्याला ठार करण्यात आले. मुरक्का शाही ग्रंथालयात गेला, आणि कोणीतरी त्या ओळींवर सोनेरी रंग फिरवला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सोन्याखालची अक्षरे अजून वाचता येतात.

त्या मुलीला आम्ही हे सारे सांगितले. तेव्हापासून वर्गात एक नियम आहे. प्रत्येक तुकडा कोणत्या घरातून आला ते पानाच्या मागे लिहायचे, आणि पुढे, चौकटीखाली, आपले नाव. ठळक अक्षरांत.