जानवे अजून आहे

पगार रखडणे ही आजचीच गोष्ट नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या अशाच एका रखडलेल्या पगाराची लेखी नोंद आहे. ती करणारे अमीर हसन सिज्जी हे फारसीतले मोठे कवी, दिल्लीच्या सुलतानाच्या लष्करात चाकरीला होते. हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकींना ते जात आणि तिथे ऐकलेले लिहून ठेवीत. १३०८ ते १३२२ या काळातल्या १८८ बैठकींची ही टिपणे ‘फवायद-उल-फुआद’ या ग्रंथात आहेत.

एका बैठकीला हसन आले ते चिंतेतच. पगार मिळाला नव्हता. औलियांनी एक गोष्ट सांगितली. एका शहरात एक सधन ब्राह्मण होता. तिथल्या अधिकाऱ्याने त्याचे सारे धन काढून घेतले. तो कंगाल झाला. पुढे वाटेत एक मित्र भेटला. कसे चालले आहे, असे त्याने विचारले. ब्राह्मण म्हणाला, छान. सगळे तर गेले, मग छान कसे? ब्राह्मणाने सांगितले, माझे जानवे अजून माझ्यापाशी आहे.

ही गोष्ट आपल्याच दिलाशासाठी होती, हे हसन यांना उमगले. मनाला बळ आले, असे त्यांनी नोंदवले आहे.

एका सूफीने मुसलमान शिपायाला धीर देताना ब्राह्मणाचे जानवे पुढे ठेवले. दुसऱ्याच्या श्रद्धेची किंमत ज्याला कळते, त्यालाच दुसऱ्याचे दुःखही कळते.

१३२५ साली औलिया गेले. त्याच वर्षी हसन यांचे स्नेही अमीर खुसरोही गेले. मग मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेला आणली आणि सत्तरी ओलांडलेले हसन दख्खनेत आले. गुरू, मित्र आणि दिल्ली मागे राहिली. त्यांची कबर इथून पंचवीसेक किलोमीटरवर, खुलताबादेत आहे.

आमच्या पुंडलिकनगरातही कुणाचा पगार थकला की भेटायला येणारे आधी विचारतात, हप्ते किती तुंबले? विचारतात ते काळजीपोटीच. गोष्टीतल्या मित्राचा प्रश्नही तसाच होता. अशा वेळी जमेल तेवढे उसने द्यावे, किराण्याचे पाहावे. नुसत्या शब्दांनी चूल पेटत नाही. पण काय गेले याचा हिशेब त्या माणसाला पाठच असतो. काय उरले आहे, ते मात्र त्याच्या जवळ बसून कुणीतरी सांगावे लागते.