गटिंगेनहून आलेली वाट

भाचीला एरोस्पेस इंजिनिअरिंगच करायचं आहे. ती विद्यापीठांची क्रमवारी वाचत होती आणि ताई गप्प बसून शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याचा हिशोब मांडत होती. "मामा, तू कुठलं निवडलं असतंस?" तिनं विचारलं आणि मला विष्णु माधव घाटगे आठवले.

कोल्हापूरकडचा हा माणूस १९३०च्या दशकात जर्मनीत गटिंगेनला शिकायला गेला. आपल्याकडची हुशार मुलं तेव्हा बहुधा इंग्लंडची बोट धरत. पण गटिंगेनला लुडविग प्रांट्ल होते! हवेच्या घर्षणाचा सगळा खेळ पंखाला चिकटून असलेल्या पातळ थरात चालतो आणि तो थर पंखापासून सुटला की उचल कोसळते, हे त्यांनी १९०४ सालीच मांडलं होतं. तोवर कागदावरचं गणित आणि प्रत्यक्ष वाहणारी हवा यांचं फारसं जमत नव्हतं. घाटगे १९३६ साली प्रांट्ल यांच्या हाताखाली पीएच.डी. झाले. पुढे ते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले. १९४२च्या डिसेंबरात तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग निघाला, तेव्हा शिकवायलाही घाटगे होतेच. १९५१ साली त्यांच्या आराखड्याचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं.

त्याच वर्षी सतीश धवन कॅल्टेकहून येऊन त्या संस्थेत दाखल झाले. कॅल्टेकच्या वैमानिकी प्रयोगशाळेचा दबदबा ज्यांनी निर्माण केला, ते फॉन कारमान प्रांट्ल यांचेच शिष्य. म्हणजे गटिंगेनची वाट बंगळूरला दोन दिशांनी पोचली. गाण्यात घराणं विचारतो, तसं इथंही विचारावं असं मला वाटतं. क्रमवारीत ते दिसत नाही.

अर्थात मामाला असं बोलायला काय जातं? अब्दुल कलामांना मद्रासच्या एमआयटीत प्रवेश मिळाला, तेव्हा फीसाठी बहीण झोहरानं सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली होती. हेही मी सांगितलं. ताईनं मान वर केली नाही.

भाचीनं क्रमवारीचं पान मिटलं आणि दोन्ही विद्यापीठांच्या प्राध्यापकांच्या याद्या शेजारी शेजारी उघडल्या. "यांच्या विंड टनेलला पहिल्या वर्षाच्या मुलांना हात लावू देतात का, ते विचारते," ती म्हणाली.

"आणि हॉस्टेलची फी यात धरली आहे का, तेही विचार," ताई म्हणाली.