पगाराविना केलेली सेवा : डॉ. जेरुशा झिराड आणि आपलं स्त्री मंडळ



डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव ज्या घरात ठाऊक नाही असं बेने इस्राएल घर विरळाच. लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवलेल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या, 1966 साली पद्मश्री मिळालेल्या आपल्या जेरुशाबाई. मुलांना आपण त्यांची एवढीच ओळख करून देतो. ती खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी म्हणजे बाईंनी पगार न घेता समाजासाठी आणि बायकांसाठी केलेलं काम. ते मागे का पडतं आणि त्याचा आपल्या आजच्या मंडळांशी काय संबंध आहे, ते आज सांगायचं आहे.

आपल्याकडे अशी सेवा नवी नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली ती 1875 साली. पुढे ती सर एली कदूरी स्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. केहिमकरांनीच आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला. लिखाण 1897 सालचं, पण पुस्तक छापून निघालं 1937 साली, तेल अवीवला. तोवर केहिमकर हयात नव्हते. आयुष्यभर समाजासाठी राबलेल्या माणसाला स्वतःचं पुस्तक हातात घ्यायला मिळालं नाही. आपण उशीर करतो, ही जुनी खोड आहे.

जेरुशाबाईंचा जन्म 1890 सालचा, शिमोग्याचा. शाळा पुण्याची. अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण फार आजारी पडली आणि कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. बेन्सन यांच्या हाताखाली बरी झाली. तेव्हाच या मुलीनं ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं, आणि याच हॉस्पिटलात यायचं. कामा हॉस्पिटल 1886 साली सुरू झालं ते बायका-मुलांसाठी, आणि तिथे डॉक्टरही बायकाच. पुरुष डॉक्टरसमोर जायला बायका तयार नसायच्या, दुखणं अंगावर काढायच्या आणि त्यातच जायच्या. त्या काळात अशा हॉस्पिटलाची किंमत काय होती, ते आमच्यासारख्या बाळंतिणींच्या वॉर्डात आयुष्य घालवलेल्या नर्सेसना सांगावं लागत नाही.

ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून त्या 1912 साली डॉक्टर झाल्या. लगेच पुढच्या वर्षी, 1913 साली, मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ उभं राहिलं आणि त्याच्या उभारणीत जेरुशाबाई होत्या. वय तेवीस. अजून मोठी नोकरी नाही, विलायतेची पदवी नाही. म्हणजे सगळं मिळाल्यावर, नाव झाल्यावर, फावल्या वेळात त्या समाजसेवेकडे वळल्या असं झालं नाही. सेवा आधी आली, मोठेपण मागून आलं.

स्त्री मंडळ म्हणजे काय, हे आपल्या परदेशात वाढलेल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. त्या काळी आपल्या बायकांना घराबाहेर जमायचं ठिकाण म्हणजे लग्न, सुंता, मयत, नाहीतर सणाची मशीद. तिथेही बोलायचे ते पुरुष. मंडळात बायका स्वतः सभा घ्यायला, हिशेब ठेवायला, चार जणींसमोर उभं राहून बोलायला शिकल्या. आज हे साधं वाटतं. पण जिनं कधी वर्गणीची पावती फाडली नव्हती तिला पहिली पावती फाडताना काय वाटलं असेल, त्याचा विचार करावा.

त्यानंतर बाई लंडनला गेल्या. पहिल्या महायुद्धाचा सगळा काळ त्यांनी तिथे काढला आणि 1919 साली स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. घेतली. परत येऊन दिल्ली, बंगळूर करत त्या मुंबईला आल्या. कामा हॉस्पिटलात आधी त्या ऑनररी होत्या. ऑनररी म्हणजे काय, तर हॉस्पिटलात रोज यायचं, ऑपरेशनं करायची, विद्यार्थिनींना शिकवायचं, आणि पगार घ्यायचा नाही. पोट भरायचं ते बाहेरच्या प्रॅक्टिसवर. मुंबईची मोठी हॉस्पिटलं कितीतरी वर्षं अशाच डॉक्टरांच्या जिवावर चालली. पुढे 1928 पासून 1947 पर्यंत बाई त्याच हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. लहानपणी ज्या वॉर्डात बहीण बरी झाली, तो वॉर्ड आता त्यांच्या हाताखाली आला.

प्रमुख असतानाच त्यांनी मुंबईत बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांच्या मृत्यूंची पाहणी केली. तिचा अहवाल 1941 साली आला. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झटके, अंगात रक्तच नसणं, या कारणांनी बायका जात. त्यांतली पुष्कळ कारणं वेळेवर लक्ष दिलं तर टळणारी. मृत्यू देवाच्या हातात असं म्हणून फाईल बंद करणं सोपं होतं. बाईंनी मोजायला घेतलं. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण गरोदर बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त आहे की नाही ते बघायला आम्हांला शिकवलं गेलं, त्यामागे अशाच कामाची पुण्याई होती.

1947 साली त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. त्याच वर्षी भारतातल्या स्त्री डॉक्टरांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि 1957 पर्यंत, दहा वर्षं, त्यांनी ते सांभाळलं. इकडे समाजात ज्यूइश रिलिजस युनियनचं काम चालूच होतं. ही संस्था मुंबईत 1925 साली निघाली, रोदेफ शालोम तिचीच. प्रार्थनेबाबतचे तिचे उदारमतवादी विचार सगळ्यांना पटले नाहीत, आजही पटत नाहीत, आणि त्यावर वाद घालायची ही जागा नव्हे. पण तिफिला आपल्याला कळली पाहिजे, बायकांनाही कळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी कामाच्या रगाड्यातून वेळ काढला. त्याच काळात रिबेका रूबेनबाई आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, 1922 पासून 1950 पर्यंत. या पिढीच्या बायकांना पद सोडून कंटाळा करणं माहीतच नव्हतं.

बाई नव्वदी ओलांडून गेल्या. सरकारनं त्यांना 1945 साली एम.बी.ई. दिली, पुढे पद्मश्री दिली. पण स्त्री मंडळात त्यांच्या शेजारी बसून ज्यांनी वर्गणी गोळा केली, सणाला पाट मांडले, आजारी बाईच्या घरी जेवणाचा डबा नेला, त्यांची नावं किती जणांना सांगता येतील? एकटी जेरुशाबाई मंडळ चालवू शकली नसती. डॉक्टर मोठी असली तरी वॉर्ड नर्सेस आणि आया चालवतात, तसंच हे.

आता इकडे बघू. आपली माणसं इस्राएलला आली, लोद, रामले, अश्दोद, बेअर शेवा, दिमोना अशी विखुरली. सोबत मंडळाची सवय आली. आमच्या दक्षिणेकडच्या गावात एक बाई तीस वर्षांहून जास्त काळ मंडळाचं रजिस्टर सांभाळते आहे. आम्ही ते चाळलं. मलिद्याला पोहे पाच किलो, नारळ बारा, गूळ, वेलची. कोणाच्या दुखवट्याला कोण गेलं. कोणत्या आजीला कुपात खोलीमला कोणी नेलं, कारण आजीला हिब्रू येत नव्हतं आणि डॉक्टरला मराठी. सगळं सुवाच्य देवनागरीत. मागच्या वर्षी मंडळानं तिला शाल दिली, फुलं दिली, फोटो काढले. ती मात्र विचारत होती की रजिस्टर पुढे कोण लिहिणार. त्यावर सगळ्या जणी गप्प.

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. आपल्या बहुतेक मंडळांत काम करणाऱ्या बाया सत्तरीच्या पुढे गेल्यात. नातवंडांना मराठी बोललेली थोडीफार कळते, वाचता येत नाही. आजी गेली की घर रिकामं करतात, आणि जुन्या वह्या कचऱ्याच्या डब्यात जातात. मुलं वाईट नसतात, त्या वह्यांत काय आहे ते त्यांना वाचताच येत नाही. केहिमकरांनी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला आपले सण, आडनावं आणि गावं कळली. या वह्या गेल्या तर परदेशातल्या आपल्या बायकांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास गेला.

तेव्हा, ज्यांनी वर्षानुवर्षं मंडळासाठी राबणूक केली त्यांचा सन्मान जरूर करा, आणि त्या ऐकू शकतात तोवर करा. पण शालीबरोबर आणखी तीन गोष्टी द्या. त्यांच्याजवळ बसून कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोणतं काम केलं ते लिहून घ्या. जुन्या फोटोंच्या मागे नावं घाला, आणि वह्यांच्या पानांचे फोटो काढून घरातल्या मुलांकडे ठेवा. आणि त्यांच्या हातातलं एक तरी काम स्वतःच्या हातात घ्या. रजिस्टर असो, डबा असो, की आजीला दवाखान्यात नेणं असो.

जेरुशाबाईंनी तेविसाव्या वर्षी सुरुवात केली होती. आपल्या घरातली तेवीस वर्षांची मुलगी हिब्रूत लिहील, इंग्रजीत लिहील, चालेल. वही मात्र चालू राहिली पाहिजे.