दोन नायगावं आणि साथीतलं मूल

नांदेडहून नरसी-देगलूरकडे जाताना नायगाव लागतं, तालुक्याचं गाव. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातही एक नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले तिथे जन्मल्या. या दोन गावांचं नातं नावापुरतंच. पण एका नायगावच्या लेकीने १८९७च्या साथीत जे केलं, त्याची गरज २०२०च्या साथीत दुसऱ्या नायगावच्या घराघरांत पडली.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. रोगी इस्पितळात, घरातली बाकीची माणसं विलगीकरणाच्या छावणीत. हे प्रकरण आपण २२ जून १८९७च्या रात्री, गणेशखिंडीत चापेकरांनी झाडलेल्या गोळ्यांपर्यंत वाचतो. त्याच घरातल्या सहा-सात वर्षांच्या पोराच्या जागी बसून ते क्वचितच वाचलं जातं. बुटांचा आवाज, न कळणारी भाषा, उचलून नेलेली आई; आणि ती कुठे गेली, कधी येणार, हे सांगायला कुणी नाही.

त्याच दिवसांत सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातलं एक पोर आजारी असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. चरित्रकार सांगतात, ते पोर वाचलं. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

त्या वेळी प्लेगवर खात्रीचं औषध नव्हतं. हाफकिनची लस नुकतीच जानेवारीत आली होती, तीही रोग होऊ नये म्हणून. रोग पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों याने दाखवलं ते पुढच्या वर्षी. म्हणजे त्या पोराला देता येईल अशी खात्रीची गोष्ट एकच होती, ओळखीच्या मायेची पाठ. सावित्रीबाईंनी मुलाचं ‘मानसिक आरोग्य’ सांभाळलं, असं म्हणणं म्हणजे आजचे शब्द त्यांच्या काळावर लादणं होईल. पण ज्याला सगळे दूर ठेवत होते, त्याला त्यांनी जवळ घेतलं, एवढं निश्चित.

या जवळ घेण्याचं मोल पुढे अभ्यासातून समोर आलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी मुलांसाठी पाळणाघरं चालवली. बॉम्बपेक्षा आईपासूनची ताटातूट लहान मुलांना जास्त मोडते, असं त्यांच्या नोंदींतून दिसलं. धोका कितीही मोठा असो, शेजारचा मोठा माणूस स्थिर असेल तर मूल पुष्कळ सोसतं.

मराठवाड्याने हा धडा वेगळ्या संकटात गिरवला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावं जमीनदोस्त केली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. त्यात गाव सुटणं होतंच, पण मुलं एकटी पडली नाहीत. एकाच दुःखातले सोबती, ठरलेल्या वेळी जेवण, शाळा, खेळ. उद्ध्वस्त झालेल्या मुलाला उद्या सकाळी काय होणार हे ठाऊक असणं, हासुद्धा मोठा आधार असतो.

मार्च २०२०मध्ये हाच आधार सुटला. १८९७चा तोच कायदा पुन्हा बाहेर निघाला आणि शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१पासून. नायगाव, मुखेड, बिलोलीकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरासाठी शाळा म्हणजे फक्त धडे नव्हेत. सकाळी अंघोळ करून निघायचं कारण, दुपारची खिचडी, शेजारी बसणारा मित्र, चेहरा बघून ‘काय झालं रे?’ विचारणारे गुरुजी. ऑनलाइन वर्गातून धडा आला, बाकीचं आलं नाही. आणि घरात एकच स्मार्टफोन असला आणि तो बापासोबत कामावर गेला, की धडाही गेला.

मृत्यूचं तर बोलायलाच नको. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी, त्यामुळे मुलांना घरीच ठेवलं गेलं. ‘आजी गावाला गेली’ असं सांगून मोठ्यांनी वेळ मारून नेली. मूल मात्र कुजबुज ऐकत होतं आणि जे कळत नव्हतं ते स्वतःच्या मनाने भरून काढत होतं. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने जून २०२१मध्ये पाच लाखांची ठेव जाहीर केली. ती हवीच होती. पण रात्री दचकून उठल्यावर कुणाला हाक मारायची, याचं उत्तर ठेवीच्या पावतीवर नसतं.

आता ते उत्तर शोधायचं काम तुमच्याकडे आलं आहे. २०२०मध्ये दहावी-बारावीत असलेले तुम्ही आज घरातले दादा-ताई आहात. युनिसेफच्या २०२१च्या अहवालात २१ देशांतल्या १५ ते २४ वयाच्या तरुणांना विचारलं होतं: मनाचा त्रास झाला तर दुसऱ्याकडे मदत मागावी का? सरासरी ८३ टक्के ‘हो’ म्हणाले. भारतात ४१ टक्के. ही आपली पिढी. आपण मागत नाही, म्हणून धाकटेही मागत नाहीत.

तेव्हा पुढच्या साथीची वाट न बघता सुरुवात करता येईल. मुलाला खरं सांगा, त्याच्या वयाला पेलेल इतकंच, पण खोटं नको. गेलेल्या माणसाचं नाव घरात घेत राहा. जेवणाची, झोपण्याची, खेळण्याची वेळ मोडू देऊ नका. आधी शहाणं असलेलं पोर पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, गप्प झालं, सतत पोट दुखतं म्हणू लागलं, तर रागावण्याआधी जवळ बसा. पंधरा-वीस दिवसांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर एक दिवसही थांबू नका. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक, दोन्ही मोफत. फोन तुमच्या हातातच आहे.

सावित्रीबाईंना पाठीवर घेऊन चालत जावं लागलं होतं. आपल्याला बहुतेक वेळा शेजारच्या खोलीपर्यंतच जायचं असतं.