सांध्यांची वेदना, जठराचे मोल

सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजल्याने होणाऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर आज दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकांचे मूळ तापावरच्या उपचारांत सापडते. ऑक्सफर्डशायरमधील पाद्री एडवर्ड स्टोन यांनी विलो वृक्षाची सुमारे पौंडभर साल पिशवीत घालून पाववाल्याच्या भट्टीवर तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, कुटून तिची पूड केली आणि ती दर चार तासांनी दिल्यावर थंडीतापाच्या सुमारे ५० रुग्णांना गुण आल्याचे १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले. पुढे १८७६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडीचे डॉक्टर टॉमस मॅक्लेगन यांनी सॅलिसिन हे सालीतील द्रव्य सांधे सुजवणाऱ्या संधिज्वरावर यशस्वीपणे वापरले आणि या औषधाचा सांध्यांशी संबंध जुळला.

त्याच कुळातील सॅलिसिलिक आम्ल मात्र पोटाला फार जाचक ठरे. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये त्याचे सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केले आणि १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. तरीही पोटाची तक्रार संपली नाही आणि तिचे खरे कारण सत्तर वर्षांहून अधिक काळ उमगले नाही. लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची शरीरातील निर्मिती रोखते. ही द्रव्ये सांध्यात दाह व वेदना वाढवतात, पण जठराच्या अस्तराचे रक्षणही तीच करतात. आराम आणि जठरव्रण ही एकाच क्रियेची दोन फळे आहेत, हा या इतिहासातील सर्वांत मोलाचा शोध होय. इब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही या पेचातून सुटलेली नाहीत.

ही द्रव्ये घडवणाऱ्या विकराचे, म्हणजे एंझाइमचे, दोन प्रकार असल्याचे १९९० च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले, तेव्हा दाहाशी निगडित प्रकार तेवढा रोखण्याची आशा निर्माण झाली. मे १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रोफेकॉक्सिब, अर्थात व्हायॉक्स, जठराला खरोखरच कमी अपाय करी. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतच ते घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण अधिक दिसले होते आणि त्याच वेळी त्याचा वापर आवरायला हवा होता. प्रत्यक्षात, दुसऱ्या एका चाचणीत हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढल्याचे आढळल्यावर मर्क कंपनीने ३० सप्टेंबर २००४ रोजी ते बाजारातून मागे घेतले.

ब्रिटनच्या २०२२ च्या अधिकृत मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायामाच्या जोडीने आधी वरून लावायचे दाहशामक मलम सुचवले आहे. गोळीचा विचार त्यानंतर, आणि तोही कमीत कमी मात्रेत व कमीत कमी काळासाठी, करावा असे तिचे सांगणे आहे.