नागरिकांचा पहारा

राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क दिलेले आहेत, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण कागदावर छापलेला हक्क आणि प्रसंगी उपयोगी पडणारा हक्क ह्यांत अंतर असते, आणि ते कमी करण्याचे काम आपोआप होत नाही. कोणीतरी त्यासाठी पहाऱ्याला बसावे लागते. असा पहारा करणाऱ्या 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज', थोडक्यात पीयूसीएल, ह्या संस्थेची हकीकत इथे सांगायची आहे.

ह्या कल्पनेचे मूळ थोडे मागे जाते. १९३६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत 'इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन' स्थापन झाली. पुढाकार पंडित नेहरूंचा. मानद अध्यक्ष रवींद्रनाथ ठाकूर, कार्याध्यक्ष सरोजिनी नायडू. परक्या सरकारच्या दडपशाहीची नोंद ठेवावी, हा हेतू. पण पुढच्याच वर्षी प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि हे काम मंदावले. आता आपलीच माणसे खुर्चीवर आहेत, मग पहारा कोणावर करायचा? वाचकहो, हा प्रश्न ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

२५ जून १९७५ रोजी देशात अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि घटनेच्या १४, २१ व २२ ह्या कलमांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे एकट्या मिसाखाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली. इतर अटका धरल्या तर आकडा १ लाखाच्या वर जातो.

ह्या माणसांनी दाद मागितली. नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे असे ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना ह्यांनी सरकारी वकिलांना एक साधा प्रश्न विचारला : एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैरापोटी कोणाचा जीवच घेतला, तर आणीबाणी असेपर्यंत त्याला काहीच दाद नाही काय? उत्तर मिळाले की कायद्याने नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने, एकटे खन्ना विरुद्ध. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

न्यायालयाचे दार असे बंद झाल्यावर नागरिकांनी काय करावे? आजाराने खंगलेल्या जयप्रकाश नारायणांनी ह्यावर उत्तर शोधले ते असे की, निरनिराळ्या पक्षांच्या आणि कोणत्याच पक्षाच्या नसलेल्या माणसांनी एवढ्या एका प्रश्नापुरते एकत्र यावे. ऑक्टोबर १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, दिल्लीत ही संघटना स्थापन झाली. तिचे अध्यक्ष झाले विठ्ठल महादेव तारकुंडे. तारकुंडे आपल्या पुणे जिल्ह्यातले, सासवडचे. मानवेंद्रनाथ रॉय ह्यांच्या विचारात वाढलेले. १९५७ पासून १९६९ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती, आणि ते पद स्वतःहून सोडून दिल्लीत वकिली करणारे.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली, जनता पक्षाचे सरकार आले, आणि तोच जुना प्रश्न उभा राहिला. काल तुरुंगात असलेले आज मंत्री झाले. मग संघटना कशाला? झाले, काम थंडावले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने एक मोठी गोष्ट मात्र केली : जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावण्याची वाट ह्यापुढे आणीबाणीतही बंद करता येणार नाही. तरीही १९८० साल उजाडताच लोकांच्या लक्षात आले की, सरकार मित्राचे की शत्रूचे ह्यावर पहारा अवलंबून ठेवला तर तो पहारा नव्हे, ते राजकारण. त्या वर्षी नोव्हेंबरात संघटनेला रीतसर घटना आणि आजचे नाव मिळाले. ती सभासदांची झाली. देशी असो की परदेशी, कोणत्याही निधी पुरवणाऱ्या संस्थेचा पैसा घ्यायचा नाही, हा तिचा दंडक.

आता म्हणाल, ही मंडळी करतात तरी काय? पहिले काम म्हणजे प्रत्यक्ष जाऊन पाहणे. १९८४ च्या नोव्हेंबरात इंदिराजींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले. पुढे सरकारी मोजणीत दिल्लीतल्या मृतांचा आकडा २,७३३ निघाला. आग विझते न विझते तोच पीयूसीएल आणि तिची भगिनी संस्था पीयूडीआर ह्यांची माणसे वस्त्यांत व छावण्यांत फिरली, जबान्या टिपल्या, आणि त्याच महिन्यात 'दोषी कोण?' अशा अर्थाच्या मथळ्याची पुस्तिका काढली. हा लोकांचा उत्स्फूर्त संताप नव्हता, ह्यामागे संघटित हात होते, असे तिने म्हटले आणि लोकांनी घेतलेली नावेही छापली.

दुसरे काम न्यायालयातले. टेलिफोनवर चोरून कान लावण्याविरुद्ध संस्थेने याचिका केली. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फोनवरचे बोलणे हाही खाजगी आयुष्याचा भाग आहे. गृहसचिवाच्या लेखी आदेशावाचून ते ऐकता येणार नाही, आणि आदेशालाही मुदत राहील. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता. गोदामे धान्याने भरलेली आणि माणसे उपाशी. संस्थेच्या राजस्थान शाखेने अर्ज केला की जगण्याच्या हक्कात खाणे येते की नाही? त्या वर्षीच्या २८ नोव्हेंबरला न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेले जेवण द्यावे असा आदेश दिला : किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. शाळेतल्या खिचडीच्या ताटामागे असा एक खटला उभा आहे. मतदानयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण २०१३ मध्ये आले, तेही ह्याच संस्थेच्या याचिकेवरून.

निकाल मिळाला म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही बरे का. इंटरनेटवरील मजकुराबद्दल अटक करू देणारे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. तरी ठाण्याठाण्यांत त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच होते. ते हुडकून संस्थेला पुन्हा न्यायालयात जावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले, तेव्हा रद्द होऊन सात वर्षे झाली होती!

ह्या लोकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : हे गुन्हेगारांचे कैवारी. आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला आरोपीच्या हक्काचे बोलणे कडूच लागणार. पण विचार करा. दोषी कोण हे ठरण्याआधीच जर शिक्षा होऊ लागली, तर निर्दोष माणसाने आपण निर्दोष आहोत हे सांगायचे कुठे? नावडत्या माणसाचा हक्क टिकला तरच आवडत्याचा टिकतो, कारण कोण नावडता हे दर काही वर्षांनी बदलत असते. १९७५ च्या तुरुंगांत डावे होते, उजवे होते, समाजवादी होते, सर्वोदयी होते. ते एकमेकांना तिथेच नीट भेटले.

१९७६ च्या त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मान्य करताना तो जुना निर्णय पुसून टाकला, आणि तो चुकीचा होता असे लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचेच चिरंजीव धनंजय. खन्नांचे एकट्याचे मत ४१ वर्षांनी खरे ठरले.

पण ४१ वर्षे म्हणजे निम्मे आयुष्य. जो माणूस आज कोठडीत आहे, त्याला इतके थांबता येत नाही. म्हणून तर न्यायालयांच्या जोडीला अशा संस्था लागतात, आणि संस्थांच्या पाठीशी तुम्हीआम्ही. पुढच्या वेळी एखाद्या अटकेची बातमी वाचाल, तेव्हा त्या माणसाचा पक्ष कोणता हे पाहण्याआधी एवढे जरूर पाहा : त्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले काय, आणि अटकेचे कारण त्याला सांगितले काय? पहाऱ्याची सुरुवात तिथूनच होते.